जुनी वेगवान लेन्स की नवी? गड्ड्याच्या आधी ठरवायचंय

मागकरी
राम राम मंडळी. माझ्याकडं लायका एम २४० आहे, सेकंडहँड घेतलेला. त्यावर एकच लेन्स, ३५ मिमी एफ २. दिवसाउजेडी काही अडत नाही. पण माझे फोटो दोन जागचे असतात. एक म्हणजे पूर्व भागातल्या पावरलूमच्या शेड, जिथं भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. दुसरा सिद्धरामेश्वरांचा गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची संक्रांतीची यात्रा, त्यातही दिवे लागल्यानंतरची नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक. दोन्हीकडं एफ २ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जावं लागतं आणि तिथं २४० चा सेन्सर रडायला लागतो.

म्हणून एक वेगवान पन्नास घ्यायचीय, म्हणजे ५० मिमीची, मोठ्या भोकाची; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त. हाताशी तीन पर्याय आहेत. कॅननची स्क्रू माउंटवाली ५० मिमी एफ १.२, जी १९५६ साली बाजारात आली. ती एका ओळखीच्या माणसाकडं आहे, काच स्वच्छ आहे म्हणतो. झाईसची सध्याची सी सोनार ५० मिमी एफ १.५. आणि व्होइग्टलेंडरची नॉक्टन ५० मिमी एफ १.२. माझा कल कॅननकडं आहे. नव्या लेन्सचे फोटो मला सगळे एकाच माणसानं काढल्यासारखे वाटतात.

लायकाची महागडी नॉक्टिलक्स घे असं कुणी लिहू नका. शेत विकायचं नाहीये.

शेंगाचटणी
आमच्याकडं मोबाइल. तरी वाचणार. कडक भाकरी घेऊन बसलोय.

सात_रस्ता
मागकरी, जुनी की नवी हे विचारायच्या आधी जुनी म्हणजे नेमकी कोणत्या घराण्यातली ते बघा. सगळा फरक तिथं आहे.

काच आणि हवा जिथं भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण चार टक्के उजेड परत फिरतो. काचेवर हे परतणं रोखणारे लेप नव्हते त्या काळात हा परतलेला उजेड लेन्सच्या पोटात इकडून तिकडं आपटायचा आणि शेवटी फिल्मवर पांढरट धुक्यासारखा पसरायचा. १९३२ साली झाईसच्या लुडविग बर्टेलेनं सोनार एफ १.५ आणली. त्यानं सात भिंगं तीन गटांत चिकटवून टाकली, त्यामुळं हवेला भिडणारे पृष्ठभाग सहाच उरले. हिशेब करून बघा, शंभरातला अठ्ठ्याहत्तर उजेड पलीकडं पोचतो. दहा पृष्ठभाग असते तर सहासष्ट. आणि हरवलेला उजेड नुसता हरवत नाही, जाताना कॉन्ट्रास्ट घेऊन जातो.

१९३५ मध्ये झाईसच्याच अलेक्झांडर स्माकुलानं लेप शोधला आणि ती अडचण सुटली. मग युद्धानंतर जपानी कंपन्यांत भोकं मोठी करायची शर्यत लागली. १९५३ ला झुनो एफ १.१. १९५६ ला निकॉर एफ १.१ आणि तुमची कॅनन. १९६१ ला कॅनन एफ ०.९५, जिला आता लोक ड्रीम लेन्स म्हणतात. तिचं मागचं भिंग इतकं मोठं झालं की रेंजफाइंडरच्या (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायच्या यंत्रणेच्या) दांडीला जागा द्यायला ते एका बाजूनं कापावं लागलं! लायकानं १९६६ ला नॉक्टिलक्स एफ १.२ काढली, तिच्यात अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोल नसलेले) पृष्ठभाग होते, पण ते घासायला कुशल कारागीर लागायचा आणि माल फार निघायचा नाही. म्हणून पुढं वॉल्टर मँडलरनं कॅनडात बसून एफ १ ची नॉक्टिलक्स केली, तीत सगळी साधी गोल भिंगं आणि भारी काच.

तुमची कॅनन डबल गाउस घराण्यातली, म्हणजे मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं. सोनार वेगळ्या घराण्यातली. दोघींनाही जुनी म्हणून एकाच पोत्यात घालू नका.

पुणेरी_फोकस
माहिती उत्तम, पण धागाकर्त्याला त्याचा उपयोग शून्य. जुन्या लेन्सचे दोष आवडतात असं म्हणायची टूम निघाली आहे. पूर्ण उघडल्यावर कॉन्ट्रास्ट नाही, कोपरे मऊ, आणि दिव्यांना पंख फुटतात. हे दोष घालवायला इंजिनियर लोकांनी पन्नास वर्षं घालवली आणि आता आपण तेच दोष विकत घ्यायचे?

गणित साधं आहे. एफ २ वरून एफ १.२ ला आलात की दीड स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आयएसओ ३२०० चं ११०० च्या आसपास येतं. हा फायदा कॅननमध्ये आणि नॉक्टनमध्ये सारखाच. मग त्याच फायद्यासोबत धुकं कशाला घ्यायचं? नॉक्टन घ्या, विषय संपला.

चाटी_गल्ली
पुणेरी, दोन परिच्छेदांत विषय संपवला. आम्ही सोलापूरचे लोक एवढ्यात चहा पण संपवत नाही बे.

मागकरी
पुणेरी, धुकं कसलं म्हणताय ते मी नेटवर बघितलंय. मला आवडतं ते. चेहऱ्यावर एक मऊपणा येतो, पण पापण्या मात्र कडक दिसतात.

पुणेरी_फोकस
तो मऊपणा म्हणजे गोलीय विपथन, भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा वेगळ्या जागी जुळतात ते. सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी सरकवली की मिळतं.

सात_रस्ता
नाही मिळत. सॉफ्टवेअरची धूसरता सगळीकडं सारखी पसरते. लेन्समधली फोकसच्या पुढं एक असते आणि मागं वेगळीच. त्यावर मी नंतर लिहीन, आत्ता वीज गेलीय.

प्रज्ञा_बाळीवेस
मी गड्डा काढत आलेय, तेव्हा त्यातलं थोडं सांगते.

आधी एक. गड्ड्यात रात्र सगळी नसते. चौदा तारखेचा अक्षता सोहळा संमती कट्ट्यापाशी दुपारी होतो. भर उन्हात आयएसओ २०० ठेवला तर १/४००० शटरलासुद्धा एफ ४ च्या अलीकडं जाता येत नाही. एफ १.२ वर काढायचा हट्टच असेल तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) लावा. वेगवान लेन्सचं काम पंधराला होम प्रदीपनाच्या रात्री आणि सोळाला शोभेच्या दारूकामाला. दारूकामाला तर तुम्ही एफ ८ वर ट्रायपॉड लावून बसणार. म्हणजे उरली खरी एकच रात्र, आणि वाड्याकडून मंदिराकडं जाणारी मिरवणूक अंधारात सापडली तर तेवढी.

आता त्या रात्री समोर काय असतं? होम मैदानावरच्या पाळण्यांच्या एलईडी माळा, स्टॉलवाल्यांचे उघडे बल्ब, मंडपाचे हॅलोजन. सगळे ठिपक्याठिपक्यांचे दिवे आणि तेही थेट लेन्समध्ये. त्यात मानकऱ्यांची आणि भक्तांची पांढरी बाराबंदी. जुन्या डबल गाउसला याच्याइतकी वाईट परीक्षा नाही. हॅलोजन फ्रेमच्या जरासा बाहेर असला तरी अख्खं चित्र पांढरट होतं. कोपऱ्यातल्या बल्बचे पक्षी होतात. पक्षी आवडत असतील तर गोष्ट वेगळी.

आणि फोकस. पन्नासवर एफ १.२ ला शार्प राहणारा पट्टा एक मीटरवर तीन सेंटिमीटर पण मिळत नाही, दोन मीटरवर अकरा-बारा. नंदीध्वज पेलणारा माणूस कमरेच्या जोरावर पुढं येत असतो, तो थांबत नाही. २४० च्या व्ह्यूफाइंडरचं वर्धन ०.६८ आहे. एम ३ चं ०.९१ होतं. त्या गर्दीत दोन प्रतिमा जुळवेपर्यंत माणूस तुमच्या मागं गेलेला असतो. मी तिथं पाच मीटरवर फोकस लावून ठेवते, तिथं एफ १.२ ला पण सत्तर सेंटिमीटर मिळतात, आणि माणूस त्या पट्ट्यात आला की दाबते.

चाटी_गल्ली
प्रज्ञाताई, हे वाचून माझा भाऊ लेन्स विकायला निघालाय. भाव सांगू का त्याला?

हर्णेकर
कोकणातून लिहितोय. जुन्या लेन्सच्या प्रेमात पडलेल्यांनी आमच्याकडं येऊन बघावं. जूनला कपाटात ठेवलेली लेन्स गणपतीला काढली तर आत बुरशीची जाळी. ती काच खाते, पुसून जात नाही. माझी एक जुनी पन्नास अशीच गेली, ती शोभेला ठेवलीय. त्यामुळं माझं मत नवी. सील तरी बरे असतात.

अण्णा_जकार्ड
हर्णेकर मालक, आमच्याकडं बुरशीला पाणी कुठलं? इथं माणूस वाळतोय. सोलापुरात जुनी लेन्स ठेवायची म्हणजे भीती उन्हाची. मे महिन्यात गाडीत ठेवली की आतलं ग्रीस पातळ होतंय म्हणे.

मी फोटो काढत नाही. माग चालवतो, जकार्डचे, चादरीचे. मागकरी माझ्याच शेडमध्ये येतोय म्हणून धाग्यात आलो. माझे दोन प्रश्न. एक, शेडमध्ये पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढतात तेव्हा काळ्या पट्ट्या कशामुळं येतात? दोन, तुम्ही लेन्स बदलता तेव्हा उघड्या कॅमेऱ्यात कापसाची पूस जाते की नाही? आमच्याकडं ती हवेतच असते. संध्याकाळी डोक्यावर पांढरा थर बसतोय.

सात_रस्ता
अण्णा, चांगले प्रश्न विचारलेत. वीज आली.

पट्ट्यांचं असं. आपल्याकडं पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळं जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. १/२५० सारखं शटर घेतलं तर पडद्याची फट फ्रेमवरून सरकते तोवर उजेड बदलतो आणि पट्टा उमटतो. १/५० च्या आसपास राहिलात तर एका फोटोत पूर्ण चढउतार येतात आणि पट्टा जातो. मागकरी, याचा तुमच्यासाठी अर्थ असा की शेडमध्ये शटर वाढवायला तुम्हाला मोकळीक नाहीच. १/५० ला माणूस बऱ्यापैकी स्थिर येतो, आडवा धागा नेणारा धोटा तर इतक्या शटरला उडताच दिसणार, आणि तो उडता दिसलेलाच बरा. म्हणजे शेडमध्ये उजेडासाठी एफ १.२ लागतच नाही. एफ २ पुरतं.

पुशीबद्दल: शेडमध्ये लेन्स बदलूच नका. घरून लावून जा.

मागकरी
म्हणजे गड्ड्यात एफ १.२ फोकसला झेपत नाही आणि शेडमध्ये उजेडाला लागत नाही? मग मी घेतोय कशाला?

शेंगाचटणी
हा प्रश्न सोलापुरात लग्नाच्या हॉलमध्ये पण विचारला जातो.

प्रज्ञा_बाळीवेस
शेडमध्ये तुम्हाला ती मागचा पसारा विरवायला हवीय. मागाच्या मागं माग, त्यावर ताणा (उभे धागे), वायरी, कांड्यांचे डबे, कॅलेंडर. ३५ एफ २ ला हे सगळं दिसत राहतं.

मागकरी
अगदी. तेच मला मांडता येत नव्हतं. माणूस त्या गोंगाटातून सुटा व्हायला हवा, पण कापून चिकटवल्यासारखा नको.

पुणेरी_फोकस
मग नॉक्टन. एफ १.२, बारा पात्यांचं अ‍ॅपर्चर, सुमारे साडेतीनशे ग्रॅम वजन, ०.७ मीटरपर्यंत जवळ जाता येतं. कॅनन एक मीटरलाच थांबते. आणखी काय हवं?

सात_रस्ता
मगाशी अर्धं राहिलं होतं ते आता पूर्ण करतो, कारण ते नेमकं इथंच लागू पडतं.

धूसर झालेली पार्श्वभूमी सगळ्या लेन्सची सारखी नसते. जुन्या वेगवान डबल गाउसमध्ये गोलीय विपथन बऱ्याचदा जास्तच सुधारलेलं असतं. तिथं फोकसच्या मागचा दिवा म्हणजे मध्ये फिका आणि कडेला झगझगीत असा चट्टा होतो. दिवा असेल तर ती बांगडी काहींना आवडते. पण मागं बारीक रेघ असेल, काडी, गवत, तार, तर एका रेघेच्या दोन होतात. सोनारमध्ये उलट. तिथं चट्ट्याची कड विरत जाते आणि मागची रेघ विरघळते.

आता मागकरी, तुमच्या फोटोत मागं काय आहे? ताणा. शेकडो रेघा.

अण्णा_जकार्ड
शेकडो नव्हे मालक, हजारो म्हणा. चादरीच्या पन्ह्यात धागे मोजत बसलात तर गड्डा निघून जाईल.

पुणेरी_फोकस
सोनारचं कौतुक करताना फोकस शिफ्ट सांगायचं राहिलं का मुद्दाम गाळलं? एफ १.५ वर जुळवलेली सोनार एफ २.८ ला आलात की फोकस मागं सरकवते. रेंजफाइंडरमध्ये ते दिसतही नाही. नाकावर फोकस केलं की कान शार्प.

सात_रस्ता
गाळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. शिफ्ट खरी आहे. झाईसनं सुरुवातीच्या सी सोनार एफ २.८ च्या आसपास जुळवून दिल्या, तेव्हा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस पुढं यायचा. त्यामुळं सेकंडहँड घ्यायची तर आधी विचारा, एफ १.५ ला जुळवलेली आहे का. आणि २४० ला लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट चित्र) आहे, एका संध्याकाळी भिंतीवर तिरकी पट्टी ठेवून कुठल्या अ‍ॅपर्चरला किती सरकते ते पाहून ठेवायचं. एफ १.५ ला आणि एफ ५.६ च्या पुढं निर्धास्त वापरायची. मधल्या दोन-तीन अंकांसाठी तुमची ३५ आहेच की.

टेंभुर्णी_टॉकीज
कुणी ज्युपिटर ३ चं नावच घेतलं नाही? सोनारच ती, रशियन. युद्धानंतर जर्मन काच आणि साचे घेऊन गेले आणि करत राहिले. सोनारचीच चव आणि पैसे कितीतरी कमी.

सात_रस्ता
चव तीच, पण एक मेख आहे. लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या लेन्सचा हिशेब धरतो आणि झाईसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याकडून आलेला रशियन हिशेब ५२.४ चा. त्यामुळं लांबवर जुळवलेली ज्युपिटर जवळ आणली की लायकावर चुकते. शिम (आतली पातळ चकती) बदलून एका अंतराला जुळवता येते, सगळ्या अंतरांना नाही. मिररलेसवर मात्र काही त्रास नाही.

चाटी_गल्ली
अवांतर: हुरडा सुरू झालाय. नान्नजकडं कुणी येणार का रविवारी? रेंजफाइंडर आणा, माळढोक काढू.

टेंभुर्णी_टॉकीज
पन्नासनं माळढोक काढायचा म्हणजे तो तुमच्या ताटातला हुरडा खायला यायला पाहिजे.

हर्णेकर
चिनी लेन्सचं काय? सेव्हनआर्टिझन्सची ५० एफ १.१ पण सोनारच्याच वळणाची आहे ना? सोबत फोकस जुळवायचा कागद देतात आणि मागचा कॅम घरीच स्क्रू सैल करून हलवता येतो असं वाचलं.

पुणेरी_फोकस
हो, तेवढी सोय भारी आहे. बाकी त्या पैशात ठीक. पूर्ण उघडली की कडा फार मऊ. आणि कॉन्ट्रास्टबद्दल कॅननला नावं ठेवली तीच तिला पण ठेवीन, मी पक्षपाती नाही.

प्रज्ञा_बाळीवेस
बोलून बास झालं. धागाकर्त्याचे तिन्ही उमेदवार ओळखीपाळखीतून गोळा केले, आणि मागकरी नि मी अण्णांच्या शेडमध्ये जाऊन आलो. अण्णांनी चहा दिला आणि कामगारांना विचारून मग फोटो काढू दिले, ते बरं केलं. नाहीतर लोक मान वर न करता काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरतात.

खाली तीन फोटो आहेत. तिन्हींत एकच माणूस, मागावर वाकलेला, साधारण दीड मीटरवर. मागं दुसऱ्या मागाचा ताणा आणि वर एक ट्यूब. लेन्स पूर्ण उघडी, फोकस लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे रेंजफाइंडरला दोष नको. क, ख, ग. कोणता कशाचा ते सांगा. पुणेरी, तुम्ही पहिले.

पुणेरी_फोकस
सोपं आहे. ख जुनी कॅनन, पांढरटपणा उघड दिसतोय आणि ट्यूबभोवती वलय आहे. ग नॉक्टन, कारण काळा रंग काळा आहे आणि मागचं स्वच्छ विरलंय. क सोनार. मागच्या धाग्यांची कड जरा कडक आहे, जुन्या डिझाइनचं लक्षण.

चाटी_गल्ली
मला तिन्हीत माणूस दमलेला दिसतोय. पण ख मधला ताणा बघून डोळे दुखले. एकेका धाग्याचे दोन झालेत. चादर नाही, सतरंजी वाटायली.

टेंभुर्णी_टॉकीज
क नॉक्टन, ख कॅनन, ग सोनार. ग मध्ये माणसाच्या कानापासून मागं सगळं हळूहळू वितळत गेलंय. क मध्ये एकदम कापल्यासारखं.

अण्णा_जकार्ड
ग चांगला आहे. का ते माहीत नाही. त्यात माझा माणूस माझ्या माणसासारखा दिसतोय. ख मध्ये देवाच्या फोटोतल्यासारखा दिसतोय. तो देव नाही, उचल घेऊन गावाला गेला की आठ दिवस येत नाही.

प्रज्ञा_बाळीवेस
टेंभुर्णीचं बरोबर. क नॉक्टन, ख कॅनन, ग सोनार.

थोडं जास्तीचं सांगते. याच तिघींचे एफ ४ चे फोटो पण काढले होते, ते टाकत नाही, कारण आम्हा दोघांनाच फाइलचं नाव बघितल्याशिवाय ओळखता येईनात. जे काही जुनंनवं आहे ते पहिल्या दोन स्टॉपमध्ये. एफ ४ ला वापरायची असेल तर कोणतीही घ्या आणि उरलेल्या पैशात फिरा.

ख बद्दल अन्याय नको. कॅननवर अण्णांच्या आईंचा फोटो काढला, दारातल्या उजेडात, मागं नुसती चुन्याची भिंत. तो तिन्हींत सगळ्यात सुंदर आलाय. मागं रेघा नाहीत, समोर दिवा नाही, तिथं त्या लेन्सला तोड नाही. पण मागकरी जिथं जातो तिथं अशी भिंत सापडत नाही.

पुणेरी_फोकस
क आणि ग मध्ये फोकसची जागा किंचित वेगळी आहे असं माझं निरीक्षण. तरीही कोपरे बघा. सोनारचे कोपरे नॉक्टनच्या जवळपास पण नाहीत.

प्रज्ञा_बाळीवेस
कोपऱ्यात कांड्यांचा डबा आहे. तो शार्प हवा असेल तर नॉक्टन घ्या.

हर्णेकर
गड्ड्याचं काय पण? दिव्यांची परीक्षा राहिलीच.

प्रज्ञा_बाळीवेस
तलावाकाठी संध्याकाळी दिवे लागल्यावर तिन्ही फिरवल्या. नॉक्टन सगळ्यात स्वच्छ, यात वाद नाही. सोनारचे कोपऱ्यातले दिवे जरा ओढलेले येतात, पण दिवा फ्रेमच्या जवळ आला तरी चित्र पांढरं पडत नाही. झाईसचे आत्ताचे लेप चांगले आहेत आणि भिंगांचे गट चारच. कॅननवर हॅलोजन आला की खेळ खलास. हूड लावून थोडं सावरतं, पण हूड लावला की व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो. तशी नॉक्टन पण झाकतेच थोडा.

मागकरी
ठरलं. सी सोनार घेतोय. वापरलेली मिळतेय, एफ १.५ ला जुळवलेली आहे असं विकणाऱ्यानं लिहून दिलंय. गड्डा पाच दिवसांचा आणि त्यातली अंधाराची रात्र जेमतेम एक. माग वर्षभर चालू. हिशेब शेडच्या बाजूनंच लावायला हवा होता.

कॅननवाल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, मग अण्णांच्या आईचा फोटो मला पाठव, तो दाखवून विकतो.

पुणेरी_फोकस
म्हणजे शेवटी नवीच घेतली. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो.

चाटी_गल्ली
घराणं १९३२ चं आहे मालक.

पुणेरी_फोकस
लेप नवा आहे.

सात_रस्ता
दोघंही थांबा. मागकरी, लेन्स आल्यावर ती तपासायच्या आधी बॉडीचा रेंजफाइंडर तपासा. लांबचा वीजेचा खांब किंवा मनोरा घ्या, तुमची ३५ अनंतावर लावा, दोन प्रतिमा बरोबर एकावर एक येतात का बघा. तिथंच फरक असेल तर सोनारला शिव्या घालून काही होणार नाही. आणि वर-खाली सरकल्या असतील तर तो वेगळा स्क्रू असतो, घरी हात लावू नका.

नवा_सभासद_७
उशिरा आलो. माझ्याकडं सोनी फुल फ्रेम मिररलेस आहे, लायका नाही. मला या जुन्या लेन्स चालतील का, की हे सगळं तुमच्यासारख्या लोकांचं?

टेंभुर्णी_टॉकीज
चालतील की. लायका एम माउंटपासून सेन्सरचं अंतर २७.८ मिमी, सोनीचं १८. मधल्या ९.८ मध्ये अडॅप्टर बसतो. हेलिकॉइडवाला अडॅप्टर घे, त्यानं लेन्स अजून पुढं सरकते आणि एक मीटरची अट सुटते. स्क्रू माउंटची असेल तर आधी स्क्रू टू एम रिंग. फक्त ३५ च्या खालच्या जुन्या वाइड लेन्स घेऊ नको, सोनीच्या सेन्सरपुढची काच जाड असते, कोपरे चोळल्यासारखे येतात. पन्नासला तेवढा त्रास नाही. तुला रेंजफाइंडरचीच भानगड नसल्यामुळं ज्युपिटर ३ नं सुरुवात कर. घेताना मात्र मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतलं धुकं बघ, विकणाऱ्याच्या फोटोत ते कधीच दिसत नाही.

नवा_सभासद_७
धन्यवाद दादा. अण्णांच्या शेडचा पत्ता व्यनि कराल का?

अण्णा_जकार्ड
व्यनि कशाला. सोमवार सोडून या, अमावस्येला माग बंद असतो. लेन्स घरूनच लावून या.